खुर्चीत बसणाऱ्याने बोलायचं नसतं

२७ जानेवारी २००३, सोमवार

टण्ण. आणि मग कालव्याच्या पाण्यावरून सरकत येणारा लांबच लांब ण... ण... ण.

साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज काल सकाळी कानात जसाच्या तसा उठला. दौंडच्या यार्डातून कुणीतरी आणलेला रुळाचा दीड हाताचा तुकडा. शाळेपुढच्या लिंबाला तारेने टांगलेला. लोखंडी बोल्टाने त्यावर ठोका द्यायचा. तेव्हा मी कालव्याच्या भरावावर मेंढरांमागे उभा असायचो. ठोका पडला की थोड्या वेळाने पोरांच्या कविता सुरू व्हायच्या. एवढ्या लांब शब्द पोचत नसत, नुसती चाल पोचायची. मीही त्या चालीत काहीबाही म्हणायचो, मेंढरं ऐकून घ्यायची. एक दिवस त्यांना तसंच सोडून चालीमागे गेलो. वडिलांनी काठीने फोडून काढलं, पण शाळेत नाव घातलं ते घातलंच. आमच्या धनगरवाड्यातून शाळेत गेलेला मी पहिला. पुढे मास्तर झालो, अठरा वर्षं शिरूर तालुक्यात काढली आणि शेवटची अठरा ह्याच शाळेत.

काल त्याच लिंबाखाली झेंडावंदन झालं, तोच रूळ वाजला आणि नंतरच्या ग्रामसभेत मला अध्यक्ष केलं!

झालं ते असं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं की आता सभेला वाटलं तर सरपंच सोडून दुसऱ्या कुणालाही अध्यक्ष निवडता येतं. लगेच सरपंच पोपटराव उठले. (पोपट माझाच विद्यार्थी. पाढ्यांत पक्का, कवितेत कच्चा.) म्हणाले, "आपल्या गावात न्यायानं बोलणारा मानूस एकच. म्हाळू गुरुजी. इथनं फुडं सभा गुरुजीच चालवतील. दिल्लीला जसा लोकसभेचा अध्यक्ष आसतो, तसं." टाळ्या पडल्या. पोपटने हार घातला, वाकून पाया पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

घरी आल्यावर बायकोला, तानुबाईला, सांगितलं. ती जवारी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पोपट कवापासनं दुसऱ्याला खुर्ची द्यायला लागला?"

"अगं, गुरू म्हणून मान दिला त्याने."

"आठ दिसामागं तुम्ही पारावर चार पानांचं भाषान केलंत. साळा पाडू देनार न्हाई म्हनालात. समदं गाव माना हलवत हुतं. पोपटचं त्वांड एवढंएवढंसं झालं हुतं. आन् आज त्यानं हार घातला. मला काय ह्ये जुळंना."

हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. माणसाचं मन पालटतं. पोपटला हायवेलगतची जुनी शाळा पाडून तिथे वीस गाळे काढायचे आहेत हे खरं. पोरांनी हायवे ओलांडून पलीकडच्या नव्या इमारतीत जावं म्हणतो, हेही खरं. पण माझं भाषण ऐकून त्याला काहीतरी लागलं असणार. शब्दांत ताकद असते. ती मी वर्गात रोज पाहिली आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल शिरूरला जाऊन आलो. खुर्चीत बसायचं तर अभ्यास करून बसावं. तिथल्या वाचनालयात लोकसभेच्या कामकाजावरचं एक जुनं पुस्तक होतं, पानं पिवळी, मागच्या वीस वर्षांत कुणी नेल्याची नोंद नव्हती. जुन्या ओळखीवर मिळालं. परतताना न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत एसटीत वाचत आलो. शेजारचा माणूस विचारतो, "बाबा, काय परीक्षा हाय का?" म्हटलं, "हो."

काय सुंदर रचना आहे ती! अध्यक्ष निवडला गेला की त्याला पक्ष उरत नाही. बोलणाऱ्याने अध्यक्षाकडे तोंड करूनच बोलायचं. दोघं भांडत असले तरी एकमेकांशी नाही भांडायचं, अध्यक्षाला सांगायचं. आणि खुद्द अध्यक्षाने चर्चेत काहीच बोलायचं नाही. मतही द्यायचं नाही, फक्त दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच. सगळ्यांचं बोलणं ज्याच्यापाशी येऊन थांबतं, तो स्वतः गप्प. वर्गात पोरं कविता म्हणतात तेव्हा मास्तरने मध्ये तोंड घालायचं नसतं, नुसता हात हलवायचा असतो. तसंच हे.

आज दिवसभर बसून आमच्या सभेसाठी एकवीस नियम लिहिले. बोरूच्या काळात घोटवलेलं अक्षर अजून टिकून आहे. नियम चौथा: अध्यक्षाने कोणत्याही विषयावर आपले मत बोलून दाखवू नये. नववा: ज्याला बोलायचे असेल त्याने सात दिवस आधी लेखी सूचना द्यावी. (ही माझी भर. आमच्या सभेत सगळे एकदम ओरडतात.) बारावा: सार्वजनिक जागेचा ठराव सलग दोन सभांत मंजूर व्हावा. सोळावा अध्यक्षाच्या राजीनाम्याचा. सतरावा अध्यक्षाला काढून टाकण्याचा, मधल्या पूर्ण चौदा दिवसांच्या नोटिशीने. हा शेवटचा आमच्या गावात कोण वापरणार? पण पुस्तकात होता. कवितेतलं एखादं कडवं पाठ करायला अवघड म्हणून गाळायचं नसतं.

१ मार्च, शनिवार

पंधरा दिवसांपूर्वी पोपट घरी येऊन नियम घेऊन गेला. उंबऱ्यात बसूनच वाचले. चौथ्यापाशी बराच वेळ थांबला. "ह्यो लई भारी लिवलाय गुरुजी," म्हणाला, "अध्यक्ष म्हंजी देवळातली मूर्ती. ऐकायचं समद्यांचं, बोलायचं न्हाई." तालुक्याच्या कचेरीत ओळख लावून शिक्का मारून आणतो म्हणाला. पुढल्या आठवड्यात यवतला दोनशे प्रती झेरॉक्स होऊन आल्या.

शिवाय माझ्या टेबलासाठी दौंडहून पितळी घंटा आणली. छोटी, मुठीत मावणारी. वाजवून पाहिली. किणकिण.

२ मे, शुक्रवार

काल महाराष्ट्र दिनाची सभा. मन ठिकाणावर नाही. तरी लिहितो.

शाळेच्या ओट्यावर टेबल, टेबलावर घंटा, मी. समोर दीडशेच्या वर माणसं. मागच्या बाजूला बायका. विषय तिसरा, 'जुन्या शाळा इमारतीबाबत विचारविनिमय'. पोपट बोलला. इमारत मोडकळीला आलीय, उद्या पोरांच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण, वगैरे. मोडकळीला! दोन हात जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती आहेत. ईशान्येच्या कोपऱ्यातली सात कौलं फुटली आहेत, सात. मी मोजली आहेत. चार पानांचं भाषण माझ्या कोटाच्या खिशात होतं. खिशावर हात ठेवून बसलो, छातीत दुखणाऱ्या माणसासारखा.

तेवढ्यात मागून नकुशी उठली.

नकुशीविषयी दोन ओळी लिहायला हव्यात. चौथी मुलगी झाली म्हणून बापाने हे नाव ठेवलं. शाळेच्या रजिस्टरात घालताना मी म्हटलं होतं, दुसरं काहीतरी लिहितो. बाप म्हणाला, ऱ्हाऊ द्या. वर्गात ती शेवटच्या रांगेत बसायची आणि कविता म्हणताना नुसते ओठ हलवायची. मी दारापाशी जाऊन उभा राहायचो. "मोठ्याने, नकुशे! मागे ऐकू आलं पाहिजे." वर्षभर रोज. चौथीच्या शेवटी तिचा आवाज कालव्यापर्यंत जायला लागला. गावातच दिली. आता कालव्याखाली शेवंती आणि झेंडू काढते, फुलं यवतच्या बाजाराला नेते. तिची प्रगती तिसरीत आहे, ह्याच शाळेत.

ती उठली आणि म्हणाली, "साळा पाडायची म्हंता. मग माज्या प्रगतीला हायवे कोन वलांडून नेनार? चौपदरी व्हायलाय त्यो. पोपटराव, तुम्ही नेनार व्हय जीपमधी बसवून?"

बायका हसल्या. पोपटने माझ्याकडे पाहिलं. मी घंटा वाजवली.

"अध्यक्षांकडे पाहून बोलावं."

"बघितलं. आता बोलू?"

"आपण सात दिवस आधी लेखी सूचना दिली आहे का?"

"कशाची?"

"बोलण्याची. नियम नववा."

"बोलायची सूचना लिवून द्यायची?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "गुरुजी, ट्रक काय सात दिस आधी लिवून देऊन अंगावर येतो व्हय?"

मोठा हशा झाला. मला वाटलं सभा हातची जाते आहे. मी पुन्हा घंटा वाजवली, पुन्हा वाजवली आणि म्हणालो, "आपण खाली बसावं."

हशा थांबला. नकुशी अजून उभी होती. तिला मी जन्मात कधी 'आपण' म्हटलं नव्हतं.

"बसते," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं म्हनून बसते."

सभा संपल्यावर तिने भाऊसाहेबांकडून नियमांची प्रत मागून घेतली. चला, निदान वाचेल तरी.

पोपट माझा हात हातात घेऊन म्हणाला, "गुरुजी, दिल्लीत बी आशी शिस्त न्हाई." खरंच आहे ते. सभा नियमाने चालली. एकही शिवी नाही. मग मला असं का वाटतंय की आपण वर्गातून कुणाला तरी विनाकारण बाहेर काढलं?

३ मे, शनिवार

आमटीत मीठ नव्हतं. मी विचारलं नाही. तानुबाईनेही सांगितलं नाही.

१९ जून, गुरुवार

शाळा सुरू झाली. सकाळी ओट्यावर जाऊन बसलो. आत पोरं कविता म्हणत होती, हल्लीची काहीतरी नवी, चालही वेगळी. पण खालची फरशी तशीच घुमते.

दोन माणसं टेप घेऊन मोजत फिरत होती. एकाने लिंबाच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली. रुळाचा तुकडा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. टांगलेला असताना केवढा मोठा दिसायचा. खाली ठेवल्यावर भंगार.

मी पोपटला गाठलं. म्हटलं, "ठराव अजून झाला नाही, मोजणी कसली?"

"नुसता अंदाज घेतोय गुरुजी. आन् तुम्हाला सांगायचंच व्हतं. गाळ्यांना नाव ठरलंय." त्याने खिशातून कागद काढून दाखवला. वर कमान, कमानीवर अक्षरं: म्हाळू गुरुजी व्यापारी संकुल. "तुमचं नाव हायवेवर. सोलापूरला जानारा हरेक मानूस वाचंल."

मी कागद हातात घेतला. म्हणालो, "अक्षर जरा बसकं आलंय. म च्या गाठीला गोलाई हवी."

घरी येताना रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या. पोपट माझी शाळा पाडतो आहे आणि मी त्याला वळण शिकवतो आहे! चिडून तानुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आन् चितारताना तुमचा फोटू बी टाकायला सांगा. हार त्यानं घातलाच हाय."

तरी मनात विचार येतो, एखाद्याचं नाव कमानीवर असणं अगदीच वाईट का? हे लिहिलं आणि खोडणार होतो. राहू दे. माझीच वही आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

संताप, संताप, संताप. कालच्या सभेचा आणि माझा.

सभा ठीक आठला. ही वेळ ह्या खेपेपासून मीच ठरवलेली, सकाळची प्रसन्न वेळ म्हणून. घंटा वाजवून समोर पाहिलं तर मागची सगळी बाजू रिकामी. बायका नाहीत. भाऊसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, आठ म्हणजे फुलांची वेळ. पहाटं तोडणी, आठला टेम्पो. त्या कशा येतील?" सात महिने मी ह्या गावात अध्यक्ष आहे आणि मला हे आता दुसऱ्याने सांगायचं! माझ्या दारावरून जातो तो टेम्पो. रोज ऐकतो.

पोपटने ठराव मांडला. जुनी इमारत पाडणे, जागेवर गाळे काढणे, मुलांनी पलीकडे जाणे. सात दिवस आधीच्या लेखी सूचना फक्त त्याच्या माणसांच्या होत्या, एकूण सहा. सहाही जण बोलले. सहाही जण अध्यक्षांकडे पाहून, नमस्कार करून, अगदी पुस्तकातल्यासारखे बोलले. माझ्या नियमांचं एवढं काटेकोर पालन आजवर कुणी केलं नव्हतं.

मग खंडूआप्पा उठले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, अजूनही मेंढरं राखतात, कानाने कमी. काठी आपटून म्हणाले, "मास्तर, त्या दिशी पारावर बोललावता ते बोला की! कौलांचं, भिंतीचं. आमाला काय त्ये तुमच्यावानी बोलता येतंय?"

सगळी सभा माझ्याकडे पाहायला लागली. माझा हात खिशाकडे गेला. भाषण तिथेच होतं, घड्यांवर फाटायला आलेलं.

आणि पोपट उठला, अदबीने हात जोडून आप्पांच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "आप्पा, अध्यक्षाला बोलता येत न्हाई. नियम चौथा. गुरुजींनीच लिवलाय."

"मंग त्याला अध्यक्ष केला कशाला?" आप्पा म्हणाले.

कुणी हसलं नाही. पोपटही नाही. तो क्षणभर माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. पाढे म्हणताना तो असाच बघायचा, उत्तर त्याला आधीच माहीत असायचं.

हात वर झाले. अठ्ठावन्न ठरावाच्या बाजूने, एकवीस विरुद्ध. माझं मत मोजायची वेळच आली नाही. अठ्ठावन्न आणि एकवीस म्हणजे समसमान नव्हे.

एक गोष्ट मात्र झाली. पोपट भाऊसाहेबांना म्हणाला, "लिवा, मंजूर." मी म्हणालो, "पहिल्यांदा मंजूर. नियम बारावा. दोन ऑक्टोबरच्या सभेत पुन्हा मत घ्यावं लागेल." पोपटचा चेहरा पहिल्यांदाच पडला. बारावा त्याने वाचला नसावा. चौथ्यापाशीच थांबला होता ना.

एवढंच हाती राहिलं. दीड महिना. आणि तेव्हाही मी त्याच खुर्चीत.

तानुबाईला सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणेल 'मी सांगितलं नव्हतं?' तसं म्हणाली नाही. गूळपाण्याचा तांब्या पुढे ठेवला. ते जास्त लागलं.

६ सप्टेंबर, शनिवार

राजीनामा लिहिला. साधा, तीन ओळींचा. घेऊन पोपटकडे गेलो. त्याच्याकडे गणपती बसलेला, आरती चालू. मीही टाळ्या वाजवल्या. आरती झाल्यावर कागद दिला.

त्याने वाचला. घडी घालून गणपतीच्या पाटापाशी ठेवला. "घेतला की गुरुजी. तुमचा शबुद खाली पडू देनार न्हाई. पन मंजूर दोन आक्टोबरलाच व्हईल. सभेचं समदं काम आटपल्यावर."

"का?"

"नियम सोळावा. 'राजीनामा पुढील सभेत, कामकाजाच्या शेवटी, मंजूर करावा.'" तोंडपाठ! चाळीस मुलांच्या वर्गात ज्याला एक कडवं कधी आलं नाही, त्याला माझा सोळावा नियम तोंडपाठ. "म्हंजी साळंचा इषय झाला, की तुम्ही मोकळे."

हातावर मोदक ठेवला. मी खाल्ला. प्रसाद होता.

येताना हायवेच्या कडेला उभा राहिलो. डंपर, टँकर, कंटेनर. ओलांडायला मला नऊ मिनिटं लागली. मला, म्हाताऱ्याला. प्रगती आठ वर्षांची आहे.

आता कळलं सगळं. हार का घातला, घंटा का आणली, शिक्का का मारून आणला. मी बोललो असतो तर पोपट हरला असता, म्हणून त्याने मला मान दिला. आणि पिंजऱ्याच्या एकवीस काड्या मी स्वतः घोटीव अक्षरात काढून दिल्या.

तानुबाई म्हणाली, "मग मोडा की नियम. उभं ऱ्हा आन् बोला. कोन तुरुंगात टाकतंय?"

"नाही येत मोडता."

"का?"

"नकुशीला खाली बसवलं ते कशाच्या जोरावर? ह्याच कागदाच्या. तिला बोलू दिलं नाही आणि आता माझी वेळ आली की कागद फाडू? कुठल्या तोंडाने?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तिच्या घरी जाऊन आलात का, मे महिन्यापासनं?"

गेलो नाही. तीनदा कालव्यापर्यंत गेलो आणि परतलो. ती वाफ्यात वाकलेली दिसते. परवा तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. नमस्कार केला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

सभेला पंधरा दिवस. पितृपंधरवडा चालू आहे. सकाळी वडिलांच्या नावाने पान ठेवलं. कावळा लवकर आला नाही. वडील अजून त्या मेंढरांवरून रागावलेले असावेत. म्हणत असतील, त्या आवाजामागे गेलास, शेवटी काय मिळवलंस? पितळेची घंटा.

दुपारी गोठ्यात जाऊन म्हशीपुढे चारही पानं म्हटली. आवाज अजून बरा आहे. दुसऱ्या पानावर, जिथे रुळाचा ठोका येतो, तिथे गव्हाणीवर ठोका दिला. म्हशीने रवंथ थांबवला, एवढी एकच दाद. ह्या वर्षभरात मी जे जे केलं त्यात

(इथवर लिहिलं आणि दाराची कडी वाजली. पुढचं आता दिवेलागणीला लिहितो आहे.)

वाटलं, पोपटचा माणूस असेल. दार उघडलं तर नकुशी. डोक्यावर फुलांची रिकामी पाटी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मे महिन्यापासून मनाशी घोकलेली क्षमेची वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना.

"बसायला येत न्हाई," ती म्हणाली. "आज सतरा तारीख. आज दिलं तरच चालतंय, उंद्या न्हाई. म्हनून टेम्पोतनं उतरून सरळ इकडं आले. घ्या."

कागद घेतला. वहीतलं रेघांचं पान. अक्षर माझ्याच वळणाचं, म च्या गाठीला गोलाई. 'विषय: सभेचे अध्यक्ष श्री. म्हाळू गुरुजी यांना पदावरून दूर करणेबाबत ठराव. नियम सतरावा. मधल्या पूर्ण चौदा दिवसांची नोटीस.' खाली त्रेचाळीस नावं. एकवीस सह्या, बाकी अंगठे. सगळ्या बाया.

मी ओट्यावर बसलो. म्हणालो, "बरोबर आहे. तुझा हक्क आहे. मी त्या दिवशी तुला..."

"त्या दिसाचं ऱ्हाऊ द्या." तिने पाटी खाली ठेवली. "त्या दिसाचा राग हायच. त्यो काय एवढ्यात जायचा न्हाई. पन चार महिनं झालं, ह्ये तुमचं एकवीस नियम वाचतीया. फुलं तोडताना बी डोक्यात त्येच. गुरुजी, सतराव्याची दुसरी वळ तुम्ही कवा वाचली हाय का?"

"मीच लिहिली आहे."

"लिवली. वाचली का?"

तानुबाई आतून येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली होती. नकुशीने कमरेची पिशवी सोडून नियमांची प्रत काढली. घड्यांवर मळलेली, पानापानांवर शेवंतीचे पिवळे डाग.

"आठाच्या सभेला आम्ही त्रेचाळीस जनी येनार," ती तानुबाईकडे पाहून म्हणाली. "एक दिस यवतचा बाजार बुडाला तर बुडाला. पयला इषय गुरुजींना काढायचा. कारन नियमात त्यो पयलाच घ्यावा लागतोय. गुरुजी खाली आले, की खुर्ची रिकामी. मग मी उठनार. माजी सूचना आजच्या तारखेची हाय, लेखी हाय. म्हननार, गावाचं भूषण पोपटराव, त्यांनाच बसवा खुर्चीत."

"पोपटला?" मी म्हणालो.

"व्हय. हार बी आनते, घरच्या शेवंतीचा. दोनशे मानसांत नगं म्हननार हाय व्हय त्यो? बसला की मग चौथा नियम त्याला. साळंच्या इषयावर त्याला बोलता यायचं न्हाई आन् हात बी वर करता यायचा न्हाई."

तानुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी हसली.

नकुशीने दुसरा कागद पुढे केला. "आन् ही तुमची सूचना. जुन्या साळंवर बोलायची. सात दिस आधी. लिवून आनलीया, सही तेवढी करा."

मी सही केली. वळण बिघडलं. डोळे पुसले आणि म्हणालो, "नकुशे, मला वाटलं तू भांडायला आलीस."

"भांडायला दोन आक्टोबर हाय की." तिने नियमांची प्रत माझ्या हातात दिली, सतराव्यावर बोट ठेवलं. "आता ही दुसरी वळ वाचा. तुमच्या तोंडनं ऐकायचीया."

मी वाचायला लागलो. "ठराव चर्चेस असताना अध्यक्षाने खुर्ची सोडून सभेत बसावे. त्यास इतरांप्रमाणे बोलण्याचा..."

पुढे ओठ नुसतेच हलायला लागले.

नकुशी चार पावलं मागे गेली, अंगण ओलांडून पार फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

"मोठ्यानं, गुरुजी," ती तिथून म्हणाली. "मागं ऐकू आलं पायजे."